मानेचं दुखणं आणि शर्टाचं बटण

मानेविषयी आलेली बहुतेक पत्रं साठी ओलांडलेल्या पुरुषांची आहेत, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. त्यांतले आठ प्रश्न निवडले आहेत. उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझं वय ७१. मान अधूनमधून धरते, सकाळी जरा जास्त. एक्स-रे काढला तेव्हा ‘मणक्यात गॅप आलाय, हाड वाढलंय’ असं सांगण्यात आलं. तेव्हापासून मान वळवायचीच भीती वाटते. या वयाच्या पुरुषांत हे कितपत आढळतं? पुढे अपंगत्व येतं का?

उत्तर : आधी त्या ‘गॅप’चं बघू. हा शब्द इतका रूढ झालाय की डॉक्टरही वापरतात, पण प्रत्यक्षात घडतं ते उलट. दोन मणक्यांमधली चकती वयानुसार पाणी गमावते आणि चपटी होते, म्हणजे मणक्यांतलं अंतर कमी होतं. चकती बसली की कडांवर भार येतो आणि तिथे हाडाला छोटे कंगोरे फुटतात. ‘हाड वाढलं’ म्हणतात ते हेच. मानेत ७ मणके आणि ६ चकत्या असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते; सहावी चकती मानेचा सातवा आणि त्याखालचा पाठीचा पहिला मणका यांच्यामध्ये असते. सर्वांत जास्त झीज पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये दिसते.

ही झीज म्हणजे दुखणं नव्हे. जपानमधल्या एका अभ्यासात (१९९८) मानेची काहीच तक्रार नसलेल्या ४९७ जणांचे एमआरआय काढले होते. विशीतल्या पुरुषांच्या १७ टक्के चकत्या झिजलेल्या निघाल्या, साठीपुढच्या पुरुषांच्या ८६ टक्के. आणि यांतल्या एकाचीही मान दुखत नव्हती. सत्तरीत एक्स-रे अगदी स्वच्छ आला, तर नवल त्याचं करावं.

दुखणंही दुर्मीळ नाही. २०२० साली जगात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी असल्याचा अंदाज आहे आणि ४५ ते ७४ या वयात तिचं प्रमाण सर्वाधिक असतं. स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा जास्त आढळते. मात्र मानेतला मज्जारज्जू दाबला जाण्याचा आजार पुरुषांत जास्त होतो, आणि त्यात मान दुखेलच असं नाही. त्याबद्दल पुढे एका प्रश्नात सविस्तर लिहिलं आहे, ते जरूर वाचा.

तुमच्यासारखी येणारी-जाणारी मानदुखी बहुतेकांना अंथरुणाला खिळवत नाही. वयाबरोबर मानेची हालचाल थोडी आक्रसते हे खरं : दर दहा वर्षांमागे मान मागे नेण्यातले साधारण ५ अंश आणि बाजूला वळवण्यातले ३ अंश कमी होतात. भीतीने मान धरून ठेवली तर याहून कितीतरी जास्त जातात, आणि गाडी मागे घेताना ते जाणवतं. तेव्हा मान वळवा. ओढ लागेल तिथपर्यंत न्या, कळ येईल तिथे थांबा.

प्रश्न : डॉक्टर विचारतात, ‘दहापैकी किती दुखतं?’ मी कधी चार सांगतो, कधी सात. आपल्याला नेमका किती त्रास आहे हे सांगायची दुसरी काही रीत आहे का? (वय ६६)

उत्तर : आहे. १९९१ पासून ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ नावाची एक प्रश्नावली वापरात आहे. तीत दहा बाबी विचारतात : दुखण्याची तीव्रता, अंघोळ-कपडे वगैरे स्वतःची कामं, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, वाहन चालवणं, झोप आणि विरंगुळा. प्रत्येकीला ० ते ५ गुण. एकूण ५० पैकी ४ पर्यंत गुण म्हणजे अडचण नाही, ५ ते १४ सौम्य, १५ ते २४ मध्यम, २५ ते ३४ तीव्र आणि ३५ पासून पुढे जवळपास सगळंच अडलेलं.

दोन ठिकाणी चूक होते. वाहन चालवतच नसाल तर तिथे शून्य लिहू नका. ती बाब गाळा आणि ४५ पैकी गुण काढून टक्केवारी करा. दुसरं, आज १६ आणि पुढच्या आठवड्यात १४ आले म्हणून ‘उतार पडला’ असं समजू नका. निदान ५ गुणांचा फरक पडला तरच तो धरायचा. महिन्यातून एकदा, साधारण त्याच वेळी भरा. सकाळी आखडलेल्या मानेने भरलेले आकडे आणि संध्याकाळचे आकडे यांची तुलना होत नाही.

निवृत्त पुरुषांच्या बाबतीत एक गोम असते. ‘काम’ आणि ‘विरंगुळा’ या बाबींपुढे ते बिनदिक्कत शून्य टाकतात, कारण झेपत नाही ते काम त्यांनी आधीच सोडून दिलेलं असतं. म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारा : वर्षापूर्वी करत होतो आणि आता मानेपायी करत नाही, असं काय काय आहे?

प्रश्न : यांचं वय ७४. दोन वर्षांपूर्वी मान खूप दुखायची, आता काहीच दुखत नाही म्हणतात. पण शर्टाची बटणं मला लावावी लागतात, सही बदललीय म्हणून बँकेने परत पाठवलं, पायातली चप्पल निसटते ते कळत नाही. लघवीची घाई होते, ती प्रोस्टेटमुळे असेल असं सगळे म्हणतात. हे वयाचंच ना?

उत्तर : नाही, हे वयावर ढकलू नका. आलेल्या पत्रांत सर्वांत काळजीचं पत्र हेच आहे. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी एकाच ठिकाणाहून येऊ शकतात, मानेतल्या दबलेल्या मज्जारज्जूपासून.

मज्जारज्जू मणक्यांच्या मागच्या हाडी कालव्यातून खाली जातो. काहींचा कालवा मुळातच अरुंद असतो, १३ मि.मी.पेक्षा कमी असेल तर जागा थोडीच उरते. त्यात समोरून चकती आणि हाडाचे कंगोरे येतात, मागून अस्थिबंध जाड होऊन दाबतात. मान मागे नेली की हे मागचे बंध दुमडून आत घुसतात आणि उरलीसुरली जागाही जाते. दाढी करताना हनुवटी वर करणं, माळ्यावरचं काही काढायला वर बघत राहणं, केस धुताना मान मागे टाकणं, हे सगळं अशा माणसाला वाईट. आणि मज्जारज्जू स्वतः दुखत नाही. दुखणं थांबलं म्हणून बरं वाटावं आणि हात-पाय मात्र हळूहळू परके होत जावेत, अशी ही चाल असते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी चार गोष्टी पाहता येतील.

मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगा, जमेल तितक्या वेगाने, १० सेकंद. साधारणपणे २० वेळा तरी होतं. त्याहून कमी झालं, किंवा बोटं नीट उघडण्याऐवजी मनगटच हलायला लागलं, तर लिहून ठेवा. दोन्ही हातांचे आकडे वेगवेगळे घ्या.

हात समोर, तळवे खाली, बोटं जुळवून अर्धा मिनिट धरायला सांगा. करंगळी आपोआप बाजूला सरकत असेल तर ती खूण आहे.

भिंतीच्या कडेने, टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला सांगा. तुम्ही शेजारीच उभ्या राहा. तोल जाण्याची शक्यता खरी आहे.

हनुवटी छातीकडे नेताना पाठीतून किंवा हातापायांतून विजेचा झटका गेल्यासारखं होतं का, ते विचारा.

यांतलं काहीही सापडलं किंवा नाही सापडलं, तरी बटणं, सही आणि चप्पल एवढ्यावरच मेंदू-मज्जा शल्यचिकित्सक किंवा मणक्यांचे शल्यचिकित्सक यांना याच आठवड्यात दाखवा. मानेचा एमआरआय लागेल. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. कमरेचा एमआरआय करून ‘ठीक आहे’ म्हणत परत येऊ नका. चालण्याची तक्रार सांगितली की पुष्कळदा कमरच तपासली जाते. प्रोस्टेटची तपासणीही होऊ द्या, दोन्ही असू शकतं, पण लघवीबरोबर हात बिघडलेत हे डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगा.

तोवर मालीश, मान ‘कट्’कन मोडून घेणं आणि वजन लावून मान ताणणं हे तिन्ही बंद. दाढी त्वचा हाताने ताणून, हनुवटी न उचलता करावी.

या आजाराची तीव्रता १८ गुणांच्या मापाने ठरवतात : १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा त्याखाली तीव्र. मध्यम आणि तीव्र अवस्थेत शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. सौम्य असेल तर शस्त्रक्रिया, किंवा देखरेखीखाली व्यायाम आणि नियमित तपासणी, हे दोन्ही मार्ग असतात. शस्त्रक्रियेचा पहिला उद्देश पुढची घसरण थांबवणं हा. गेलेली ताकद किती परत येईल हे दाब किती काळ होता आणि किती होता यावर बरंच अवलंबून, म्हणूनच घाई करायची.

प्रश्न : तीन आठवड्यांपासून मानेतून उजव्या हातात कळ जाते, अंगठ्यात मुंग्या येतात. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. शस्त्रक्रिया करावीच लागेल का? (वय ६२, मधुमेह आहे)

उत्तर : बहुधा नाही. हात डोक्यावर ठेवून आराम पडणं ही नस दबल्याची जुनी ओळखीची खूण आहे, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैलावतो. अंगठा सहाव्या नसेचा, मधलं बोट सातवीचं, करंगळी आठवीचं. मानेत मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ असतात, त्यामुळे अहवाल वाचताना गोंधळ होतो. तुमची नस पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून बाहेर पडते.

बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरू लागते आणि चार ते सहा महिन्यांत बरीच सुधारणा होते. मुंग्या सर्वांत शेवटी जातात. कळ बोटांकडून दंडाकडे आणि दंडाकडून मानेकडे सरकत गेली, तर मान थोडी जास्त दुखली तरी गाडी रुळावर आहे. उलट ती खाली उतरत चालली तर व्यायाम थांबवून दाखवा. हाताची ताकद कमी होत असेल, म्हणजे कप धरवत नाही, मनगट वर उचलत नाही, तर थांबूच नका.

मधुमेहात मनगटातली नसही सहज दबते. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर दोष मानेचा नसून मनगटाचा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही तळपायही बधिर असतील तर मधुमेहाचा नसांवर झालेला परिणाम तपासायला हवा.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा आहे. मान दुखते म्हणून उशी काढून टाकली, दिवसभर पट्टा लावतो, रोज मान दहा वेळा गोल फिरवतो. दोन महिने झाले, दुखणं वाढलंच. चुकतंय कुठे?

उत्तर : तिन्ही ठिकाणी. सल्ले तुम्हाला आपुलकीनेच मिळाले असतील, पण तिन्ही उलटे पडलेत.

पट्टा आधी सोडा. अचानक मान आखडली तर मऊ पट्टा काही दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे, तोही थोडा थोडा वेळ. त्यापुढे मानेचे स्नायू आळसावतात आणि डोक्याचा चार-पाच किलोंचा भार सांभाळेनासे होतात. शिवाय पट्टा लावून चालताना आपले पाय दिसत नाहीत, आणि या वयात पडणं महाग. दोन महिने लावला आहे, तेव्हा एकदम फेकू नका; रोज तासाभराने कमी करा.

मान गोल फिरवणं बंद. मागे नेणं आणि वळवणं एकत्र आलं की नसा बाहेर पडण्याची छिद्रं सर्वांत अरुंद होतात. एका वेळी एकच दिशा.

उशीचं माप असं घ्या. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे राहा, नजर समोर. हनुवटी न उचलता डोकं भिंतीला टेकलं तर पातळ उशी पुरे. टेकलं नाही तर डोक्यामागे जी फट राहते ती उशीने भरून निघायला हवी. पाठीला पोक आलेल्या माणसाने उशी काढली की रात्रभर त्याची मान मागे लटकते. तुमचं तेच झालं असावं. उताणे झोपल्यावर घरच्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा : कपाळ आणि हनुवटी एका पातळीत, किंवा कपाळ किंचित वर. कुशीवर झोपत असाल तर कान ते खांद्याची कड एवढी जाडी लागते, तीही डोकं टेकून उशी दबल्यानंतरची. रुंद खांद्यांच्या माणसाला बायकोची उशी पुरत नाही. पालथं झोपू नये.

आता व्यायाम. उताणे झोपा, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. ‘हो’ म्हणताना डोलवतो तशी मान अगदी हलकेच होकारार्थी झुकवा, डोकं टॉवेलवरून न उचलता. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथला दोरीसारखा जाड स्नायू टणक झाला तर जोर जास्त लागतोय. आधी ५ सेकंद ५ वेळा, दोन-तीन आठवड्यांत १० सेकंद १० वेळा. दिसायला हा व्यायाम अगदी पोरकट आहे, त्यामुळे पुरुष मंडळी तो चौथ्या दिवशी सोडतात. पण मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायू यानेच जागे होतात.

मग बसून, तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला रेटा. डोकं हलू द्यायचं नाही. ताकदीच्या पाव हिश्शाएवढाच जोर, ५ सेकंद, ५ वेळा. तसंच दोन्ही बाजूंना आणि मागे. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास कोंडणार नाही. श्वास रोखून रेटलं की रक्तदाब उसळतो. त्यानंतर कोपरं अंगालगत ठेवून दोन्ही खवाटे मागे जवळ आणा, ५ सेकंद, १० वेळा. खांदे कानांकडे चढता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे अवघडले तर चालेल. चोवीस तासांनंतरही दुखत राहिलं तर संख्या निम्मी करा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात.

आणि चष्मा? दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांतून वाचायचं तर खालच्या भागातून बघावं लागतं. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर असला की तुम्ही नकळत हनुवटी वर करून तासन्‌तास बसता. पडदा खाली घ्या किंवा त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या. काही जणांना एवढ्यानेच उतार पडतो.

प्रश्न : मानेसाठी वेदनाशामक आणि ‘स्नायू सैल करणारी’ गोळी अधूनमधून घेतो. रक्तदाब, रक्त पातळ करणारी आणि प्रोस्टेटची गोळी चालूच आहे. चालेल ना? (वय ७३)

उत्तर : न विचारता नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. त्या रक्तदाबही चढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर मूत्रपिंडं अडचणीत येतात. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झापड येते, माणूस पडतो. त्यांतल्या काहींनी आणि नसांच्या दुखण्यावर देतात त्या अमिट्रिप्टिलिनने, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते.

पॅरासिटामॉल मानदुखीवर फारसं जोरकस नाही, पण तुमच्या यादीत त्यातल्या त्यात निभावणारं आहे. उतारवयात दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहावं, आणि सर्दीच्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीतून तेच पुन्हा पोटात जात नाही ना ते वेष्टनावर वाचावं. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर रोज पॅरासिटामॉल घेण्याआधी डॉक्टरांना कळवा. रक्त गोठण्याचा आकडा बदलू शकतो.

प्रश्न : सकाळी तासभर मान आणि दोन्ही खांदे इतके आखडतात की हात वर जात नाहीत. सहा आठवड्यांत सुरू झालं. हेही स्पॉन्डिलोसिसच का? (वय ७०)

उत्तर : झिजेने, म्हणजे स्पॉन्डिलोसिसने, आखडलेली मान सहसा अर्ध्या तासात मोकळी होते. दोन्ही खांदे, पाऊण तासापेक्षा जास्त वेळ आणि थोड्या आठवड्यांत सुरुवात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पॉलिमायाल्जिया रुमॅटिका या दाहाच्या आजाराची शंका घ्यायला हवी. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करून घ्या. बरोबरीने कानशिलं दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधुक होणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण डोळ्याला धोका असतो. रात्री पडूनही न थांबणारं दुखणं, घटतं वजन, ताप किंवा पूर्वी झालेला प्रोस्टेटचा कर्करोग यांपैकी काही असेल तर मानेवर व्यायाम सुरू करण्याआधी तपासण्या. आणि चढ चढताना मान-जबडा दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल, तर हृदय तपासा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. न्हाणीघरात घसरले, कपाळ आपटलं. हात-पाय नीट हलतात, पण तीन दिवस मान दुखतेय. शेक देत थांबलो तर चालेल का?

उत्तर : थांबू नका. मार लागल्यावर मानेची तपासणी कुणाची करायची याचे जे नियम वापरले जातात, त्यांत ६५ किंवा त्याहून जास्त वय एवढंच कारण पुरेसं धरतात. सत्तरीनंतर नुसत्या उभ्या उंचीवरून पडूनही दुसऱ्या मणक्याचा खुंट मोडतो आणि माणूस चालत-बोलत असतो. साध्या एक्स-रेत तो निसटू शकतो, म्हणून सीटी स्कॅनविषयी विचारा. कपाळावर आपटताना मान झटक्यात मागे जाते. कालवा अरुंद असेल तर हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होते, आणि तीत पायांपेक्षा हात जास्त दुबळे पडतात. हातांकडे लक्ष ठेवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डोक्याचंही स्कॅन लागेल.

वडिलांची मान आधीपासूनच पुढे झुकून ताठ झालेली असेल तर हे आणखी महत्त्वाचं. वयस्क पुरुषांत, विशेषतः मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्यांत, मणक्यांसमोरचे बंध हाडासारखे कडक होऊन मणके एकमेकांना सांधले जातात. असा कणा बांबूसारखा मोडतो. रुग्णवाहिकेत नेताना त्यांची मान सरळ करायला कुणालाही लावू नका. ती नेहमी ज्या कोनात असते त्याच कोनात डोक्याखाली उशा किंवा घड्या केलेली चादर भरा, आणि ‘मान पूर्वीपासून अशीच आहे’ हे नेणाऱ्यांना आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना आधी सांगा.